पडद्यावरची नावं

नव्या ताडपत्रीचा वास आला की मला श्रीवर्धनचा टुरिंग टॉकीजचा तंबू आठवतो. परवा जवळा सुकवायला ताडपत्री आणली, तिची घडी मोडली आणि तेच झालं.

माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. कोळीवाड्यातल्या बायकांबरोबर सासूबाई आणि मी भुताचा सिनेमा बघायला गेलो होतो. आमच्यात वाचता येणारी मी एकटीच, म्हणून पडद्यावरचं मोठ्यानं वाचायचं काम माझ्याकडे. सुरुवातीला नुसतं धुकं, एक रिकामी होडी आणि लांबून येणारी घंटा. त्यावर नटनट्यांचं एकेक नाव उमटायचं, थोडं थांबायचं, विरून जायचं. मी झोकात वाचू लागले. बायका एकदम गप्प झाल्या. मला वाटलं, माझ्या वाचण्याची कमाल.

तिसऱ्या नावानंतर सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला. "बस गो. फुडचं नाव घेऊ नको."

वादळात गेलेल्या होडीवरच्या माणसांची नावं गावच्या पाटलानं किनाऱ्यावर अशीच एकेक करून वाचली होती. त्या यादीत चौथं नाव माझ्या सासऱ्यांचं होतं. हे मला नंतर कळलं. सिनेमावाल्याला भीती हळूहळू चढवायची होती; आमच्या बायकांना ती पहिल्या नावालाच चढली होती.

उरलेली नावं मी मनात वाचली. पुढे भूत आलं तेव्हा अख्खा तंबू किंचाळला, मीसुद्धा. सासूबाई शांतपणे चणे खात होत्या.

"आय, तुमाला भ्याव न्हाय वाटत?"

"नावं सरली ना?" त्या म्हणाल्या. "मग आता कसला भ्याव?"