संपादकांची रद्दी

मी एका संपादकाचं आयुष्यभराचं वर्तमानपत्र कचऱ्यात टाकलं. स्वतःच्या हातांनी, तीन खेपांत. वर त्यांची बेल वाजवून सांगितलं, “तुमचं काम करून टाकलं हं!”

न्युरेम्बर्गला ते आमच्या वरच्या मजल्यावर राहत. अरब गृहस्थ, सत्तरीचे. त्यांच्या अग्रलेखावर म्हणे तिकडे मंत्री बदलत. शेवटी सरकारने कचेरीलाच टाळं ठोकलं आणि हे इथे आले. इराकचं युद्ध सुरू झालं तेव्हा मत विचारायला टीव्हीवाले त्यांच्याकडे येत आणि गाड्या माझ्या जागेत लावत. आमचं वैर तिथून सुरू.

“पुरावा?” हा त्यांचा लाडका शब्द. जिन्यात मी म्हणालो, “आज फार थंडी आहे.”

“पुरावा?”

मी थर्मामीटर आणून दाखवला. “आणि कालचा आकडा?”

एकदा त्यांनी विचारलं, “भारतात या युद्धाबद्दल काय बोलतात?” मी वर्ल्ड कपची फायनल सांगायला लागलो. त्यानंतर चार महिने ते माझ्याशी बोलले नाहीत. खोटं कशाला सांगू, मजेत गेले.

मग तो गुरुवार. त्यांच्या दाराबाहेर सुतळीने बांधलेले अकरा गठ्ठे, जुनी पिवळी वर्तमानपत्रं. तुम्हीच सांगा, पुण्यात वाढलेल्या माणसाला सुतळीतलं वर्तमानपत्र रद्दीशिवाय दुसरं काय दिसणार? त्यात कागद न्यायची गाडी यायची वेळ झालेली. म्हातारा माणूस, उचलणार कसा? मला चक्क दया आली.

“कुठे आहेत?” दार उघडून त्यांनी विचारलं.

“खाली, कागदाच्या निळ्या डब्यांत.”

ते सपाता घालून धावत सुटले आणि हात वर करून गाडीपुढे उभे राहिले. ड्रायव्हर ओरडत होता. मी अजून रिकामा न झालेल्या डब्यात डोक्याकडून उतरलो. सात गठ्ठे निघाले. चार गाडीच्या पोटात गेले होते. त्यांच्या देशात एकही अंक कोणी ठेवू दिला नव्हता. जगात उरलेला हा एकच संच, आणि विद्यापीठाचे लोक त्या दुपारी तो न्यायला येणार होते.

पायरीवर बसून ते एकेक पान शर्टाच्या बाहीने पुसत राहिले. मी शेजारी बसलो.

“उठा,” ते म्हणाले. “तुमची सावली पडतेय.”

घरी बायको म्हणाली, “अहो, माफी तरी मागा.” मी पत्र लिहून दाराखालून सरकवलं. ते तपासून परत आलं. ‘गैरसमज’ लाल पेन्सिलीने खोडून वर लिहिलं होतं, ‘निष्काळजीपणा’. बाकी मजकूर त्यांना मान्य होता.

दोन वर्षांनी ते गेले. घर आवरायला बर्लिनहून मुलगी आली. वडिलांसारखीच, नमस्कार न घेणारी. मी भीत भीत विचारलं, “माझ्याबद्दल कधी काही म्हणाले का?”

“हो, म्हणाले ना,” ती खोक्याला चिकटपट्टी लावत म्हणाली. “तिकडचे सेन्सॉरवाले निदान वाचून फेकायचे.”