कन्हानच्या वरच्या अंगाला

"सर, नदी जाते कुठं ते सारेच सांगते. येऊन कुठून राहिली, ते सांगा ना!"

हे विचारणाऱ्या बाई सौंसरच्या शाळेत मराठी शिकवायच्या, मी भूगोल. शाळेच्या कामानं छिंदवाड्याला निघालो की रामाकोन्याजवळ कन्हानचा पूल लागे. बाई बोलणं अर्धवट सोडून खिडकीतून वर सातपुड्याकडे बघत. खाली नागपूरच्या बाजूला कधीच नाही. शेजारी बसला असता तर तुम्हालाही नवल वाटलं असतं.

मी फळ्यावरचंच उत्तर द्यायचो. सातपुड्यात उगम, मग वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी.

"ते झालं पुस्तकातलं. पण निघते तिथं गाव कोणतं आहे?"

गावच का हवं, ते फार उशिरा कळलं. बाईंची आई कापूस वेचायला डोंगरातून खाली आली, रामाकोन्यात लग्न करून राहिली, परत गेली नाही. बाई लहान असतानाच ती वारली. "माझं गाव कन्हान निघते तिथं," एवढंच ती लेकीला सांगायची. नाव कुणी विचारलंच नव्हतं.

निवृत्त झाल्यावर बाई मला आणि माझ्या बायकोला घेऊन जुन्नारदेवकडच्या डोंगरात गेल्या. तिथं जो तो आपल्याच गावचा नाला दाखवी आणि म्हणे, खरी कन्हान हीच. मी नकाशा उघडला.

"ठेवा तो, सर. माणसांना विचारू."

शेवटच्या पाड्यावर एक म्हातारी अंगणात मका सोलत होती. बाईंनी तिला सगळं सांगितलं.

"नाम तो याद नहीं आता, बेटी. यहाँ से लड़कियाँ कपास चुनने जाती थीं. कोई-कोई नहीं लौटी."

मग उठून तिनं चूल पेटवली. मक्याची भाकर, मिरचीची चटणी. निघताना बाईंच्या हातात मक्याची कणसं ठेवली. "खाली हाथ नहीं जाते."

परतीच्या वाटेवर मी म्हणालो, "बाई, पुरावा तर काहीच नाही मिळाला."

"कायचा पुरावा, सर? जेवली ना मी तिथं!"

त्यानंतर दर दिवाळीला बाई त्या पाड्यावर जाऊ लागल्या. तिथल्या ओढ्याची, माशांची, कोणाच्या घरी काय झालं त्याची बातमी आणत. उगमाचं मला पुन्हा कधी विचारलं नाही.

गेल्या हिवाळ्यात बाई गेल्या. वडील केव्हाच वारलेले, भाऊ नव्हता. अंगावर घालायचं माहेरचं शेवटचं लुगडं कोण आणणार, अशी बायकांत कुजबूज सुरू झाली. बाईंची मुलगी म्हणाली, "थांबा थोडं. मी वर फोन केला आहे."

दुपार कलली तेव्हा दारात जीप थांबली. म्हातारी दोन सुनांच्या आधारानं उतरली. काखेत हिरवं लुगडं, घडी न मोडलेलं. तिनं ते स्वतःच उलगडून बाईंच्या अंगावर घातलं, पायाशी पुन्हा पुन्हा खोचलं, चेहऱ्यावरून हात फिरवला. खांदेकरी उभेच होते. कुणी घाई केली नाही.

मग ती बाजूला सरली आणि आम्हाला म्हणाली, "अब ले जाओ."