चार तासांची बॅटरी

मला एका जागी बसवत नाही. लहानपणापासून पायाला भिंगरी. ऑफिसातही फोन आला की मी बोलत बोलत जिन्यापर्यंत जाऊन येतो. अशा माणसाच्या वाट्याला आठवड्यातून दोनदा, चार-चार तास, एका स्टुलावर बसणं आलं. बाबांचं डायलिसिस सुरू झालं तेव्हा धास्ती त्यांनी घेतली नाही, मी घेतली.

सकाळी जबलपूरच्या महाराजपूर भागातून ऑटोनं ओमतीजवळच्या दवाखान्यात जायचं. बाबांच्या डाव्या हातात दोन सुया टोचल्या जायच्या आणि तो हात मशीनच्या हवाली व्हायचा. मग करण्यासारखं काही उरायचं नाही. पहिल्या आठवड्यात मी वॉर्डात इतक्या येरझारा घातल्या की नर्सदीदी म्हणाली, "भैया, आप बैठ जाइए. आपको देखकर बाकी मरीज़ों को चक्कर आ रहे हैं."

म्हणून मी हातात धरून गेम खेळायचं एक यंत्र घेतलं. घरी टीव्हीला जोडलेला मोठा कन्सोल होता, पण तो काही पिशवीत घालून नेता येत नव्हता. त्यावर माझा एक भलामोठा गेम अर्धवट पडला होता. एकटा घोडेस्वार, मैलोन् मैल गवत, नद्या, आणि सगळ्याच्या मागे बर्फाचे डोंगर. तोच गेम आता या चपट्या डब्यात आला. म्हणजे आला, पण अंग चोरून आला. अक्षरं मुंगीएवढी, कोण काय बोललं ते वाचायला यंत्र नाकाशी धरावं लागे. पंखा घरघरायचा, पाठ तापायची. एक सुख मात्र होतं. डायलिसिसचं मशीन कुठे पिकपिक करू लागलं की बटण दाबायचं, घोडा पाय उचललेल्या स्थितीत झोपी जायचा, आणि परत दाबलं की तिथूनच पुढे दौडायचा.

खरी अडचण बॅटरीची. सगळा थाटमाट चालू ठेवला तर यंत्र दोन तासही टिकेना. पॉवर बँक पुरी पडायची नाही, आणि खाटेजवळच्या बोर्डात काही लावायला टेक्निशियनची सक्त मनाई होती. तेव्हा मी काटकसर सुरू केली. उजेड कमी, आवाज बंद, सावल्या बंद, गवत विरळ, दूरचं दिसणं जवळजवळ शून्य. असं करता करता गेम चार तास टिकायला लागला आणि मला स्वतःचं फारच कौतुक वाटलं.

बाबा उशीवरून बघत होते. ते फॅक्टरीत तपासणीच्या कामावर होते. तयार माल उजेडाकडे धरायचा, न्याहाळायचा आणि खडूनं खूण करायची, यात त्यांची सगळी नोकरी सरली. रिटायर झाल्यावर खडू सुटला, सवय सुटली नाही. आमच्या घरी पोळी पास व्हायची, पडदे रिजेक्ट व्हायचे, माझे मित्र तर बहुतेक सगळे रिजेक्ट.

"तो डोंगर कुठं गेला?" त्यांनी विचारलं.

"कोणता?"

"बरफाचा. घरी टीव्हीवर दिसत होता न."

"बॅटरी वाचवायला काढला, बाबा. आता चार घंटे चालते."

"अन् चार घंटे पाहाचं काय? धुकं?" ते म्हणाले. "रिजेक्ट."

मला रागच आला. इतकी खटपट केली त्याचं काही नाही! "घोडा तर दिसून राहिला न?" मी म्हणालो आणि खेळत राहिलो.

त्याच दिवसांत आत्याचे फोन सुरू होते. ही बाबांची धाकटी बहीण, वरुडकडच्या त्यांच्या गावात राहते. संत्र्याची बाग तीच सांभाळते. गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे तिला जबलपूरला येणं शक्य नव्हतं, म्हणून बाबांनाच एकदा जायचं होतं. डॉक्टर म्हणाले, "नागपुरात एक डायलिसिस ठरवून देता येईल, पण हृदय कमजोर आहे, प्रवासाची खात्री मी देणार नाही. घरी विचार करा." मी विचार केला नाही. नाही म्हणून टाकलं.

मला भीती वाटत होती, दुसरं काही नाही. भीतीपोटी मी घरातला ठाणेदार झालो होतो. पाणी मापून, मीठ बंद, डाळ पातळ, बाहेर जाणं बंद. संत्रंही बंद, कारण ते या आजारात चालत नाही. संत्र्याच्या बागेत वाढलेल्या माणसासमोर मी सफरचंदाच्या दोन फोडी ठेवायचो आणि तो मुकाट्यानं खायचा.

एके सकाळी सुया टोचून झाल्यावर बाबांनी पुन्हा विषय काढला. "मी जाऊन येतो न एकदा."

"रस्त्यात काही झालं तर?"

"अन् नाही गेलो तर? इथं काय होऊन राहिलं?"

मी पिशवीतून यंत्र काढलं आणि घोडा धुक्यात हाकला. बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. आजवर त्यांनी मला शंभरदा रिजेक्ट केलं असेल, पण पाठ कधी दाखवली नव्हती. ते मला फार लागलं.

माझा पाय हलायला लागला. घोडा पुढे जात होता, पण समोर पांढऱ्या भिंतीखेरीज काही येत नव्हतं. मी थांबलो, सेटिंगमध्ये गेलो आणि काढलेलं सगळं परत आणलं. उजेड, सावल्या, गवत, सगळंच. पंखा असा काही घुमला की पलीकडच्या खाटेवरून नर्सदीदीनं मान वळवली. मी यंत्र बाबांच्या बाजूला नेलं.

"बाबा, डोंगर."

त्यांनी मोकळ्या हातानं चष्मा चढवला. बराच वेळ पाहिलं. मी घोडा पुढे काढणार, तर म्हणाले, "थांब न. काहून पळून राहिला? पाहू दे."

आम्ही नुसतेच थांबलो, मी, ते आणि घोडा. डोंगरावर ऊन आलं, ढगांच्या सावल्या गवतावरून सरकल्या. कोपऱ्यातली बॅटरी लाल झाली.

"बंद होईल आता," मी म्हणालो.

"होऊ दे."

पडदा काळा झाला. हातात काही उरलं नाही, तसा मी उठलो. आधी डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेलो, नागपूरचं ठरवायला सांगितलं. मग व्हरांड्यात फेऱ्या मारत आत्याला फोन लावला. ती आधी रडली आणि मग लगेच स्वयंपाकाचं विचारायला लागली.

परत येऊन स्टुलावर बसलो. बाबांचे डोळे मिटलेले होते.

"बाबा, आत्या विचारते, पहिल्या दिवशी भाकर खाल का पोळी?"

त्यांनी डोळे उघडले आणि मला न्याहाळलं, अगदी माल उजेडाकडे धरल्यासारखं.

"भाकर," ते म्हणाले. "अन् तिले सांग, संत्रं मी खाणार नाही. हातानं तोडीन फक्त."

माझा पाय पुन्हा हलत होता. त्यांनी मोकळा हात पुढे केला आणि माझा गुडघा दाबून धरला. मशीनचे अजून दोन तास बाकी होते.