हो, माझ्याही डोक्यात उवा आहेत

लपवून काय करू? मी गावच्या शाळेत दुसरीला शिकवते. पोरींची डोकी दिवसभर माझ्या खांद्याशी असतात.

आज मधल्या सुट्टीत एक आई तावातावाने आली. "मॅडम, त्या रेणुकाले अलग बसवा. तिच्या उवा माह्या पोरीच्या डोक्यात येऊन राहिल्या."

रेणुका समोरच खिचडी खात होती. तिने मान खाली घातली आणि ताट बाजूला सरकवलं.

माझं डोकंच फिरलं. वेणी सोडली, पिशवीतली फणी बाईंच्या हातात दिली आणि व्हरांड्यात त्यांच्यापुढे मांडी घालून बसले. "पाहा. सापडली तर मलाही अलग बसवा. मग वर्ग तुम्ही घ्या."

बाई गांगरल्या. पण आपल्याकडच्या बाईच्या हातात फणी आणि पुढ्यात डोकं आलं, की हात गप्प बसतात का? दोन मिनिटांत नखावर टचकन वाजलं. "अवो माय! मॅडम, तुमच्या डोक्यात तं लिखा बी आहेत!"

"मग काढा," म्हटलं.

त्या काढू लागल्या. मी रेणुकाला माझ्यापुढे बसवलं आणि बाईंच्या पोरीला रेणुकापुढे. रेणुका तिच्या उवा काढत होती. बाईंनी ते पाहिलं आणि माझ्या केसांची पुढची बट हातात घेतली.

औषध आणीन, फण्या आणीन, पण माझ्या वर्गात कोणतीच पोर अलग बसणार नाही. ज्यांच्या डोक्यात कधीच ऊ झाली नाही, त्यांनी खुशाल मला नावं ठेवा.

बाकीच्यांनी फक्त एवढंच लिहा: लहानपणी तुमच्या उवा कोण काढायचं?