टिकल्यांच्या मधली हवा

माझ्या पोटात काही राहत नाही, असं आमच्या घरातले म्हणतात. खरंच आहे ते. स्टाफरूममध्ये कुणाचं कुणाशी बिनसलं, भिशीत कोण कुणाशी बोलत नाही, माझी शुगर किती वाढली — सगळं मी संध्याकाळपर्यंत चार जणींना सांगून मोकळी होते. पण एक गोष्ट आहे, नऊ वर्षं झाली तिला, ती मी नवऱ्याला सांगितली नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडताना आठवली तर पटकन दुसरं काहीतरी मागून घेते. तुम्हाला सांगतेय. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जमतंय बहुतेक.

मी नाशिकमध्ये एका शाळेत विज्ञान शिकवते. सहावी ते आठवी. तोंडाने फटकळ आहे, पण शिकवते चांगलं — हे मी नाही म्हणत, लोक म्हणतात. आणि लोक असं म्हणाले ना, की मला नेमकी ती मुलगी आठवते. थांबा, क्रमाने सांगते. नाहीतर मी दुसरीकडेच कुठेतरी जाईन — आणि खरं सांगू? मला जायचंच असतं दुसरीकडे.

तर, आमच्यात शिक्षण परिषद असते. आसपासच्या शाळांचे शिक्षक एका शाळेत जमतात आणि कुणीतरी एक जण सगळ्यांसमोर आदर्श पाठ घेतो. वर्गात खरी मुलं बसलेली, मागे खुर्च्यांवर चाळीस शिक्षक आणि शिक्षण खात्याचे साहेब. आता असा पाठ काय कुणी पहिल्यांदाच घेतं का? तोच पाठ त्याच मुलांवर आधी तीन-चार वेळा होतो. कुणी कधी उठायचं, कुणी काय उत्तर द्यायचं, सगळं ठरलेलं. उत्तर येत असेल त्याने उजवा हात वर करायचा, येत नसेल त्याने डावा. म्हणजे साहेबांना सगळा वर्ग हात वर केलेला दिसतो, आणि बाईंना कळतं कुणाला उठवायचं. हसू नका. आम्ही सगळेच करतो हे, आणि साहेबही पूर्वी शिक्षकच होते, त्यांनाही ठाऊक असतं.

त्या वर्षी पाठ माझ्याकडे आला. सातवीचा वर्ग, विषय पदार्थाचे कण. आणि त्या वर्षी आणखी एक होतं. पुण्याकडच्या एका संस्थेची निवासी शाळा आहे, विज्ञानाची. बारावीपर्यंत राहणं, जेवण, शिक्षण, सगळं त्यांच्याकडे. त्यांना आमच्या केंद्रातून, म्हणजे या आसपासच्या शाळांमधून, एक मूल हवं होतं. मार्क बघू नका, म्हणाले होते, स्वतःहून प्रश्न विचारणारं मूल द्या. ते निवडायचं काम आमच्या विस्तार अधिकारी साहेबांकडे होतं, आणि ते असे पाठ बघत बघतच मूल शोधत होते.

आता कणांचं सांगते. पदार्थ सूक्ष्म कणांचा बनलेला असतो, हे वाक्य मुलांना पाठ होतं, पण पटत नाही. कसं पटेल? बाक एकसंध दिसतो, पाणी एकसंध दिसतं. मग मी सुई काढलेली सिरिंज घेते. तिच्या तोंडावर बोट दाबायचं आणि दट्ट्या ढकलायचा. आत हवा असेल तर दबते, पाणी असेल तर दबत नाही. हवेच्या कणांमध्ये खूप जागा असते, ती कमी होते, पाण्यात तेवढी जागाच नसते. पोरांचे डोळे असे मोठे होतात बघा. तो क्षण मला फार आवडतो, आजही.

पाठासाठी मी तक्ता केला होता. मेनरोडवरून मरून टिकल्यांची पाकिटं आणली, आणि तीन चौकटींत टिकल्या चिकटवल्या. स्थायूच्या चौकटीत दाटीवाटीने, द्रवाच्या जरा सैल, वायूच्या लांब लांब. फार सुरेख झाला होता. आणि तिन्ही चौकटींत दोन टिकल्यांच्या मधल्या जागेकडे बाण काढून मी ठळक अक्षरांत लिहिलं होतं — हवा.

कळलं ना तुम्हाला? कणांच्या मध्ये हवा नसते. काहीच नसतं. रिकामी जागा. हवा स्वतःच कणांची असते, ती मध्ये भरायला कुठून येणार? मी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेय. मला माहीत नव्हतं का? परीक्षेत विचारलं असतं तर बरोबर लिहिलं असतं. पण वर्गात दरवर्षी मी विचारायचे, मध्ये काय, आणि कुणीतरी म्हणायचं, हवा, आणि मी 'बरोबर' म्हणून पुढे जायचे. किती वर्षं? मोजलेली नाहीत. मोजायची भीती वाटते.

अश्विनी भोये. त्या मुलीचं नाव. पेठ तालुक्यातली. तिचे आईवडील मखमलाबादच्या बाजूला एका द्राक्षबागेत कामाला होते आणि बागेतल्याच खोलीत राहायचे. सहावीत आमच्याकडे आली तेव्हा तिची भाषा ऐकून पोरी हसायच्या, म्हणून वर्षभर ती बोललीच नाही फारशी. सातवीत बोलायला लागली, आणि बोलायला लागली म्हणजे विचारायलाच लागली. मला — आता खोटं कशाला बोलू — मला तिचा वैताग यायचा. पाठ रंगात आला की हिचं मध्येच काहीतरी.

पहिल्याच सरावाला ती उठली. म्हणाली, हवेचे बी कण असतात ना बाई, मग त्या कणांच्या मधी काय? मी म्हटलं, बस खाली. दुसऱ्या सरावाला पुन्हा तेच. तेव्हा मी तिला वर्गाबाहेर नेऊन दटावलं. साहेबांसमोर असलं काही विचारलंस तर याद राख, शाळेची अब्रू घालवशील. आणि रोजच्या सरावात मी तिच्याकडे बघत 'मधल्या जागेत काय?' विचारायचे, आणि सगळा वर्ग एका सुरात ओरडायचा, हवा! तिलाही ओरडायला लावलं मी. चार दिवस.

त्या चार दिवसांत मला एकदाही वाटलं नसेल का, की पोरगी बरोबर बोलतेय? वाटलं. तिसऱ्या दिवशी बसमध्ये एकदम लख्ख कळलं. पण तक्ता तयार होता. टिकल्या पुन्हा आणा, पुन्हा चिकटवा, मुलांना पुन्हा सांगा की बाई चुकल्या... कुणाला कळतंय, म्हटलं मी. जाऊ दे.

पाठ छान झाला. सिरिंज झाली, हात वर झाले, सगळं ठरल्यासारखं. मी खडू ठेवला, आणि साहेब उठले. हे ठरलेलं नव्हतं. त्यांनी मुलांना विचारलं, बाईंना विचारायचं असं कुणाच्या मनात काही राहिलंय का? अश्विनीने माझ्याकडे बघितलं नाही. सरळ हात वर केला.

"बाई, हवेचे बी कण असतात. मंग हवेच्या दोन कणांच्या मधी पण हवा कशी असंल?"

 साहेबांची नजर तिच्यावरून तक्त्यावर गेली, त्या बाणावर.  आणि त्या एका क्षणात — मला कुणी शिकवलं नव्हतं, कुठून सुचलं कोण जाणे — मी हसले. टाळी वाजवली. शाब्बास, म्हटलं, मी याचीच वाट बघत होते! मुलांनो, तक्त्यावर मी मुद्दाम एक चूक केली होती, ती कोण शोधतंय ते मला बघायचं होतं. मग लाल मार्करने तिन्ही ठिकाणची 'हवा' खोडली आणि लिहिलं, रिकामी जागा. मागून शिक्षकांच्या टाळ्या पडल्या. मी मुलांनाही टाळ्या वाजवायला सांगितल्या.

बेचाळीस पोरं होती. चार दिवस माझ्यासमोर 'हवा' ओरडलेली. सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तुम्ही म्हणाल, एवढंच ना? घाबरून मारलेली थाप. एवढंच असतं तर मी कधीच सांगून मोकळी झाले असते, हसत हसत. पुढचं सांगायला मी इतका वेळ लावतेय.

चहाच्या वेळी साहेब माझ्याकडे आले. खूश होते. म्हणाले, बाई, ती मुलगी कोण? चूक तिने स्वतः शोधली असेल तर मला दुसरीकडे शोधायची गरजच नाही, निवासी शाळेसाठी तिचंच नाव देतो. जरा तिच्याशी बोलू द्या मला.

बोलू द्या. तिथेच माझं धाबं दणाणलं. ती बोलली की सगळंच सांगणार. चार दिवसांचा 'हवा', बाहेर नेऊन दिलेला दम, सगळं. समोर आमचे मुख्याध्यापक, बाजूला चार शाळांचे शिक्षक बिस्किटं खात उभे.

"नाही हो सर," मी म्हटलं, "प्रश्न मीच दिला होता तिला. पाठ करून घेतला. तशी मुलगी साधारणच आहे."

साधारण. हा शब्द मी वापरला. आणि सहज वापरला, चहाचा घोट घेता घेता.

साहेबांना पटलं. का नाही पटणार? आदर्श पाठात पोरांकडून घोकून घेतात हे त्यांना काय नवीन होतं? तरी ते सरळ माणूस, त्यांनी तिला बोलावून घेतलं. ती आली, दोन वेण्या, हात मागे बांधलेले. साहेबांनी मायेने विचारलं, काय गं, तो प्रश्न तुला बाईंनी सांगितला होता का? खरं सांग, कुणी रागावणार नाही.

तिने माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. तिला त्या निवासी शाळेचं माहीत होतं, वर्गात मीच सगळ्यांना सांगितलं होतं. घरी आईलाही सांगून आली होती ती. मी काय केलं? मी डोळे वटारले नाहीत, खुणावलंही नाही. मी नुसती उभी राहिले. तिला माझ्या तोंडावर काय दिसलं असेल?

"हो सर," ती म्हणाली. "बाईंनीच सांगितला."

शेजारच्या शाळेतल्या एका मुलीचं नाव गेलं. ते जायला महिनाभर होता बरं का. एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी साहेबांच्या ऑफिसला निघालेसुद्धा. तिथल्या फाटकापर्यंत गेले. समोरच्या गाड्यावर उसाचा रस प्यायले आणि परत आले. कुणीतरी ओळखीचं भेटेल असं वाटलं. बघा, हे कारण. यापेक्षा मोठं कारण माझ्याकडे तेव्हाही नव्हतं.

अश्विनी मला काही बोलली नाही. शाळेत येत राहिली, वही पूर्ण ठेवायची, दिसली की नमस्ते म्हणायची. विचारणं तेवढं बंद झालं. खरं सांगू? मला सुटल्यासारखं वाटलं. हे सगळ्यात वाईट आहे, नाही का? पाठ सलग व्हायला लागले आणि मला बरं वाटलं.

आणि माझं? माझं छान झालं. 'मुद्दाम चूक' हा माझा उपक्रम म्हणून नावाजला गेला. देवळ्याला प्रशिक्षणात बोलावलं, त्र्यंबकला बोलावलं. मी तोच टिकल्यांचा तक्ता नेते, आता त्यावर 'हवा' खरंच मुद्दाम लिहिते. आणि शिक्षकांना सांगते, एक दिवस एखादं मूल उठेल आणि विचारेल, हवेच्या कणांमध्ये काय? तो प्रश्न मी तिच्याच शब्दांत सांगते. नाव सांगत नाही. एकदा एका तरुण शिक्षिकेने विचारलं, मॅडम, तुम्हाला हे सुचलं कसं? मी म्हटलं, अनुभवातून.

या जूनमध्ये ती आली. शाळेच्या ऑफिसात मी प्रवेशाचे फॉर्म तपासत बसले होते. गळ्यात मंगळसूत्र, अंगाने भरलेली, मी ओळखलंच नाही. दहावी झाली, म्हणाली, पुढं नाय जमलं. हंगामात द्राक्षांच्या पॅकिंगला जाते. धाकट्या बहिणीला सहावीत घालायला आली होती. सगळे कागद पिशवीत नीट लावून आणले होते, एकही कमी नाही. बहीण तिच्यामागे उभी, तशाच दोन वेण्या.

अश्विनीने तिला पुढे केलं आणि हसून म्हणाली, "ह्या बाई लय भारी शिकवतात. कणांच्या मधी काहीच नसतं, ते मला ह्यांनीच सांगितलं."

तिला आता तसंच आठवतंय, की नऊ वर्षांनीही ती मला सांभाळून घेत होती? तिच्या तोंडाकडे बघितलं असतं तर कळलं असतं. मी फॉर्मवर मान खाली घातली होती. जन्मतारीख तपासत होते, दोनदा तपासली.

धाकटीने मला विचारलं, "खरं का, बाई? तुम्हीच सांगितलं हिला?"

ऑफिसात आम्ही तिघीच होतो. साहेब नव्हते, मागे चाळीस शिक्षक नव्हते, कुणाचीच भीती नव्हती.

मी 'हो' म्हणाले.