दुसरी चिठ्ठी

शनिवारची दुपार आहे. जेवण झालं आहे आणि मी अजिबात झोपणार नाही असं बायकोला बजावून डबिंगच्या खोलीत येऊन आडवा झालो आहे. खोली म्हणजे चर्चच्या मागची जुनी अडगळ. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून आम्ही तिच्या खिडक्यांना गाद्या टेकवल्यात, त्यामुळे भरदुपारीही आत अंधार असतो. उद्या उपासनेनंतर मी बसवलेला आमचा सिनेमा मंडळीला दाखवायचा आहे. त्याआधी मला उभं राहून साक्ष द्यायची आहे, की या कामात पहिल्या दिवसापासून प्रभूनं आम्हाला कसं चालवलं. साक्ष पाठ करता करता वाक्यं एकमेकांत मिसळायला लागतात. ‘प्रभूनं निवडलं’ इथे मी तिसऱ्यांदा अडखळतो, आणि कुणीतरी माझ्या पायांशी गादीवर बसतं.

“सरका की मास्तर. समदी जागा तुमीच घेतली.”

बेनूमामा आहेत. बन्यामीन मकासरे, एसटीचे निवृत्त कंडक्टर आणि आमच्या सिनेमातला म्हातारा नोकर. फेब्रुवारीत वारले. त्यांच्या पेटीला मी स्वतः खांदा दिला होता, त्यामुळे आनंद वगैरे नंतर, आधी मला संशय येतो. आमच्यात मेलेल्यांशी बोलायची मनाई आहे. पाळकसाहेब तर नेहमी सांगतात, सैतान ओळखीचंच तोंड घेऊन येतो, अनोळखी माणसाला दार कोण उघडतंय?

“तुमची शेवटची ड्युटी कुठली होती?” मी विचारतो.

“नेवासा मुक्काम. का वो?”

उत्तर बरोबर आहे. पण ते मला माहीत आहे, म्हणजे माझ्या स्वप्नालाही माहीत असणार. एवढ्यावर कुणाला आत घ्यायचं नसतं.

“मला माहीत नाही असं काहीतरी सांगा.”

“सांगतो की. घाई काय हाये?” ते टोपी काढून गुडघ्यावर ठेवतात. “आदी तुमी सांगा. मला माहीत नाय असं.”

खोली हलायला लागते. खिडक्यांना गाद्या तशाच आहेत, पण आता त्या गाडीच्या खिडक्या आहेत आणि खालून इंजिन घरघरतंय. बाकांवर आमची सगळी मंडळी बसली आहे, सिनेमातल्या कपड्यांत. चर्चच्या जुन्या पडद्यांचे झगे, डोक्याला पंचे, पायांत नेहमीच्या चपला. महिला मंडळानं पाठवलेला पिठलं-भाकरीचा डबा कुणाच्या तरी मांडीवर आहे. सगळे माझ्याकडे पाठ करून बसलेत. मला वाटतं, मुद्दामच.

आमच्याकडे नट नव्हते, पैसा नव्हता, कॅमेरा माझ्या मेहुण्याचा, लग्नं काढायचा. गोष्ट तेवढी होती, आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली. धाकटा मुलगा घर सोडून जातो, सगळं उधळतो, परत येतो, आणि म्हातारा बाप त्याला लांबून बघून धावत सुटतो. मग आम्ही नियम केला. जे आपल्याला ठरवता येत नाही ते प्रार्थना करून, चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. शूटिंगचा दिवस, विहीर कुणाची, शेवटच्या मेजवानीचं वासरू कुणाचं, सगळं तसंच ठरलं. बापाचं कामही. त्याला दोघे जण तयार होते, त्रिभुवन गुरुजी आणि बेनूमामा. दिवाळीनंतरच्या रविवारी मी दोघांच्या चिठ्ठ्या लिहिल्या, दानाच्या थैलीत टाकल्या, आणि महिला मंडळाच्या दीनाबाईंनी डोळे मिटून एक काढली. गुरुजींचं नाव निघालं. सगळे ‘आमेन’ म्हणाले. बेनूमामांचा आवाज सगळ्यात मोठा होता.

ते आता बाकांमधून माझ्याकडे येतात. खांद्याला चामड्याची पिशवी आहे.

“तोंड उघडा.”

“का म्हणून?”

“तिकीट तोंडात लपीवणारे लई बगितलेत मी. चेकर चढला की तोंडात. उघडा.”

मी ओठ घट्ट मिटतो. तोंडात खरंच काहीतरी आहे. जिभेखाली, मऊ, बारीक घडी केलेलं. ते काय आहे हे मला चांगलं ठाऊक आहे, आणि यांना कसं कळलं हा प्रश्न मला त्याहून जास्त छळतो. मी मान हलवतो. ते हसतात, आणि हसताना त्यांचा वरचा दात तसाच पडलेला दिसतो. सैतानानं एवढी बारीक काळजी घेतली असेल का, असं मनात येऊन जातं.

“बरं. मंग शॉट बगू,” ते म्हणतात.

आम्ही जगधन्यांच्या शेतात उभे आहोत. नांगरलेली जमीन आहे, दुपारचं ऊन आहे, आणि लांबून त्रिभुवन गुरुजी धावत येत आहेत. हा नववा टेक. बेनूमामा नोकराच्या वेशात माझ्या बाजूला उभे आहेत, हातात परत आलेल्या मुलासाठी आणलेल्या वहाणा. गुरुजी धावतायत, पण जवळ काही येत नाहीत.

“चांगले पळत्यात गुरुजी.”

“गुडघे चांगले आहेत त्यांचे,” मी तोंडातल्या तोंडात म्हणतो. “तुम्हाला जमलं नसतं मामा. आणि संवादही पाठ होत नव्हते तुम्हाला.”

“या शीनमधी बापाला संवाद किती हायेत?”

एकही नाही. बाप नुसता धावतो आणि पोराला मिठी मारतो.

त्यांना ते काम का हवं होतं हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. सहा वर्षांपूर्वी नाताळच्या उपासनेत त्यांचा मुलगा अशेर उभा राहून म्हणाला, माझा विश्वास राहिला नाही, मला उगाच वेदीपाशी बोलवू नका. बेनूमामांनी भर मंडळीत त्याच्या कानाखाली वाजवली. अशेर त्याच संध्याकाळी नाशिकला गेला. मामांना एकदा तरी, सिनेमात का होईना, पोराकडे धावत जायचं होतं. अशेरनं ते कुठेतरी बघावं एवढीच आशा होती. आणि मला सिनेमा चांगला व्हायला हवा होता. देवाचा व्हायला हवा होता हे खरं, पण त्याआधी चांगला. लाज वाटते, पण असं होतं.

“आता मी सांगतो, तुमाला माहीत नाय ते,” बेनूमामा म्हणतात. वहाणा त्यांच्या छातीशी आहेत. “चिठ्ठीच्या आदल्या दिशी मी प्रभूला म्हनलो व्हतो. माजं नाव निगालं तर अशेर परत येनार असं धरीन. नाय निगालं तर तू नाय म्हनलास असं धरीन, आन त्याला तरास द्यायचा बंद करीन. दर रईवारी फोन करायचो ना मी. तो उचलायचा बी, पन बोलायचा नाय.”

“मग?”

“मंग काय. त्या दिशी घरी गेलो, त्याला शेवटचा फोन केला. त्यानंतर नाय केला.”

माझ्या पायांखालची ढेकळं सरकतात. हे खोटं आहे, असं मी स्वतःला सांगतो. उद्याची साक्ष बुडवायला, सिनेमा बंद पाडायला हा कुणीतरी दुसराच आला आहे. पण मला दफनाचा दिवस आठवतो. पेटी खाली उतरत होती तेव्हा अशेर स्मशानाच्या फाटकापाशी उभा होता. मूठभर माती द्यायलाही आत आला नाही. आम्ही सगळ्यांनी म्हटलं होतं, काय दगड आहे पोरगं.

मी चर्चमध्ये आहे, साक्ष द्यायच्या जागी. बाकं रिकामी आहेत. मागच्या बाकावर एकटे बेनूमामा. मला खोकला येतो, आणि ओंजळीत एक ओला, चहाच्या रंगाचा गोळा पडतो. त्या रविवारी चिठ्ठी निघाल्यावर थैली मी उचलली होती, आणि चहा वाटला जात होता तेव्हा उरलेली चिठ्ठी तोंडात टाकून कपातल्या घोटाबरोबर गिळली होती.

“मामा, ऐका,” मी म्हणतो. “मला सांगायचंय.”

“मला सांगून काय उपेग? मी तर मेलो.” ते मागे रेलून बसतात. “ती घंटी वाजतीये. ती बगा आदी.”

खरंच घंटी वाजते आहे. गाडीतली, दोरी ओढल्यावर वाजते तशी. थांबते, परत वाजते. कुणाला उतरायचं आहे? माझ्या डोक्यावरून दोरी गेली आहे. मी ती धरतो, आणि का कुणास ठाऊक, कानाला लावतो. घंटी थांबते.

“दोन्हीवर गुरुजींचंच नाव होतं,” मी सांगतो. आता थांबता येत नाही. “दोन चिठ्ठ्या, दोन्हीवर एकच नाव. प्रार्थना झाली, सगळ्यांनी डोळे मिटले, आणि मी मंडळीला फसवलं. बेनूमामांना फसवलं. त्यांचे हात थरथरायचे म्हणून. माझी फ्रेम बिघडेल म्हणून.”

“दोन्हीवर?” आवाज अगदी कानाशी आहे.

“दोन्हीवर. आणि त्यांनी ते देवाचं उत्तर समजून घेतलं. अशेरला फोन करायचं सोडलं त्यांनी, माझ्या चिठ्ठीपायी.”

मागचं बाक रिकामं आहे. वहाणाही नाहीत. मी मामांना हाक मारतो, पण आवाज येतो तो त्यांचा नव्हे. त्यांच्याच घशातला, पण तरुण.

“सर,” तो म्हणतो. “सर, आहात ना?”

गाद्यांच्या फटीतून उन्हाची एक रेघ माझ्या डोळ्यावर आली आहे. मी डबिंगच्या खोलीत आहे, कुशीवर, घामाघूम. उजवा कान पोळतोय. कान आणि उशी यांच्यामध्ये माझा फोन अडकला आहे, आणि तो तापलाय. पडद्यावर नाव आहे, अशेर मकासरे. चार मिनिटं झाली आहेत. पुढचे सेकंद चालूच आहेत.

झोपेत बरळलो रे, मनावर घेऊ नको, हे वाक्य माझ्या ओठांवर तयार असतं. असली वाक्यं माझ्याकडे नेहमीच तयार असतात.

“मी उद्या सिनेमा किती वाजता ते विचारायला फोन केला होता,” अशेर म्हणतो. “पप्पा दिसतात म्हणे त्यात.” मग फोनमध्ये नुसती खरखर होते. मला वाटतं फोन कट झाला, आणि खरं सांगतो, मला बरं वाटतं. पण तो परत बोलतो. “दिवाळीनंतर त्यांचा शेवटचा फोन आला होता, सर. म्हणाले, देवाचं उत्तर आलंय, आता तुला त्रास देणार नाही. मला वाटलं, मला टाकलं त्यांनी. म्हणून मी मातीला पण आत आलो नाही.”

मी उठून बसतो.

“म्हणजे देव नाही म्हटलाच नव्हता?” तो विचारतो.

“नाही रे,” मी म्हणतो. “ते मी म्हटलं होतं.”