मलकापूरची पापणीकाकी

काकी कुणाशीही बोलताना त्याच्या डोळ्यांत बघत नाही, पापण्यांकडे बघते. बँकेतला साहेब असो की दारात आलेला भाजीवाला, तिची नजर तिथंच खिळलेली. समोरच्याला वाटतं, आपल्या डोळ्यात काही गेलंय का. तेवढ्यात काकी म्हणते, "लय झ्याक हायेत रं तुज्या. पोरींस्नी विकत लावाय लागत्यात." नात्यानं ती माझी चुलती, राहायला शेजारी. मलकापुरात तिनं पापण्या लांब आणि दाट करून द्यायचं दुकान मांडलं आणि सगळी भावकी तिला पापणीकाकी म्हणू लागली.

ही कला ती छावणीत शिकली. काका फौजेत, सारख्या बदल्या. एका ठिकाणी शेजारच्या क्वार्टरमधल्या मणिपुरी बाईनं तिला शिकवलं, दोघींच्या मोडक्यातोडक्या हिंदीत. काका पेन्शनीत आले तशी काकीनं एक खोली घेतली, एक उंच पलंग टाकला, एक भिंगाचा दिवा लावला. "उसावानी पापण्यांची लागण करती म्हणं," असं चौकात लोक हसून बोलायचे.

काकीला त्याचं काही वाटलं नाही. उलट तिनं उसाचाच दाखला उचलला. "पापणी उसावानीच असती बग. एक कवळी, वाढीला लागल्याली. एक वाढून थांबल्याली. एक तोडीला आल्याली. फरक यवडाच, उसाचा फड एकदम तुटतो, हितं हरेकीची तोड निराळी. सगळ्या एकदम तोडीला आल्या असत्या तर आपून बिनपापण्यांचं हिंडलो असतो!" म्हणून ती एका पापणीला एकच कृत्रिम केस लावते. कोवळ्या पापणीवर ओझं घालत नाही, आणि दोन पापण्या एकमेकींना चिकटू देत नाही, कारण एक गळायला निघाली की ती शेजारणीला मुळासकट ओढते. उशीवर पापणी सापडली म्हणून कुणी घाबरून आलं तर काकी निवांत सांगते, "तिची येळ झाली हुती. खालनं दुसरी निगालीया."

काम करताना तिच्या दोन्ही हातांत चिमटे असतात. एकानं एक पापणी वेगळी धरायची, दुसऱ्यानं ग्लूत बुडवलेला केस तिच्यावर ठेवायचा. तेवढा वेळ काकी श्वाससुद्धा धरून ठेवते. पडून राहिलेल्या बाईची जीभ मात्र मोकळी असते. "डोळं मिटलं की बायका खरं बोलत्यात," असं काकी म्हणते. त्यातला एक शब्द त्या खोलीबाहेर गेलेला मी ऐकला नाही.

माझं लग्न ठरलं तेव्हा दुकान नवंच होतं आणि मी तिची पहिली नवरी. हळदीच्या फोटोंतही पापण्या दिसल्या पाहिजेत, हा माझा हट्ट. काकीनं हळदीच्या सकाळीच त्या लावून दिल्या. संध्याकाळी नवऱ्याकडची उष्टी हळद आली, तेलात कालवलेली. पाहुण्या बायकांनी ती कपाळापासून डोळ्यांपर्यंत मनसोक्त चोळली, वर कढत पाण्यानं न्हाऊ घातलं. लग्नाच्या सकाळी आरशात बघितलं तर उजवा डोळा भरगच्च आणि डावा अर्धा बोडका.

खोलीत बायका जमल्या. मामी म्हणाली, "बांगड्यांच्या दुकानातली तयार पट्टी चिकटीव वरनं. न्हाईतर सांग, पावण्यांनी चोळली म्हनून." काकीचा चेहरा पांढरा पडला होता. ही गोष्ट गावभर झाली असती तर त्या लग्नसराईत तिच्या दारात कुणी फिरकलं नसतं. तरी तिनं नकाराची मान हलवली, मला सतरंजीवर आडवी केली आणि दोन्ही डोळ्यांवरचा उरलासुरला ग्लू औषध लावून एकेक पापणी सोडवत काढायला बसली. बाहेर नवरीला बोलवा म्हणून माइकवर पुकारा चाललेला. एवढ्यात माझ्या होणाऱ्या सासूबाईच आत आल्या.

काकीनं हात थांबवला नाही. "आवं ताई, चूक माजी हाय. तेलानं ग्लू सुटतो ह्ये मला ठावं हुतं. ह्याच अंगणात मलाबी हळद लागलीया, तरी इसरली. तुमच्या मान्सांचा काय दोस न्हाई. वाईच थांबा, तुमच्या सुनंची एक पापणी तुटू द्याची न्हाई."

सासूबाईंनी खिडकीचा पडदा सारला आणि काकीच्या हातावर उजेड येऊ दिला.

मी अक्षतांना उभी राहिले ती माझ्या स्वतःच्या पापण्यांनी, नुसतं काजळ घालून. एकही तुटली नव्हती. पुढं ही गोष्ट काकीनं लपवली नाहीच, येणाऱ्या प्रत्येक नवरीला स्वतःच्या तोंडानं सांगितली आणि वर विचारलं, "हळद कवा हाय? ती झाल्यावर ये." आता विट्यापासून वाईपर्यंतच्या पोरी तिच्याकडे येतात. माझ्या धाकट्या नणंदेला तर सासूबाईंनीच पाठवलं. माझी काकी आहे ती, हे मी कुठंही छाती पुढं काढून सांगते.

पण मला ती सगळ्यात जास्त आठवते पाठवणीच्या वेळची. आई रडत होती, मी ओठ दाबून उभी होते. काकीनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. "रड की गं," ती म्हणाली. "तुज्या सवताच्या हायेत त्या, पाण्यानं जायच्या न्हाईत." आणि माझ्या आधी तीच हुंदका देऊन रडू लागली. सकाळपासून तिनं डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. गाडी वळेपर्यंत मला ती दिसत होती, पदरानं डोळे न पुसता रडणारी.